ठाण्याचं मीठ, कल्याणचं दाबयंत्र

दिवाळीत कल्याणला जाणाऱ्याने बोरीबंदरहून सकाळची गाडी धरावी आणि डाव्या हाताची खिडकी पकडावी. चार वर्षं दर भाऊबिजेला जाऊन आलोय, म्हणून हक्काने सांगतो. माझं काम गवत आणि कापूस दाबण्याच्या यंत्रांत पाण्याचा दाब भरून ती टिकतात का, हे तपासण्याचं. कल्याणच्या गवताच्या कारखान्याची पाळी नेमकी दिवाळीत यावी म्हणून मी दरसाल साहेबाच्या मिनतवाऱ्या करायचो. कारण तिथले मिस्त्री माझे भावोजी, आणि त्यांच्या घरी माझी अक्का. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिला भेटायला वर्षाकाठी हे एवढंच निमित्त मिळायचं.

गेल्या वर्षीच्या फेरीचं लिहायला बसलोय. हातपंपाची जड पेटी थेट कल्याणसाठी गार्डाच्या ब्रेकच्या डब्यात दिली, दाब दाखवणारी पितळी तबकडी मात्र धोतरात गुंडाळून मांडीवर घेतली. हमालांवर माझा विश्वास नाही. नेहमीप्रमाणे ठाण्याला उतरलो. पुढची गाडी दुपारची असते, तेवढ्या वेळात स्टेशनाबाहेर गरम घावन खाऊन तळ्याकाठी फिरून यावं. लहानपणी अक्काची आणि माझी खोली तिथेच होती. आता दोरीवर दुसऱ्याच कुणाची लुगडी वाळत होती. मी उगाच थोडा वेळ उभा राहिलो, मग बाजारात जाऊन आगरातलं जाडं मीठ घेतलं. अक्काला दुसरं मीठ चालत नाही. कल्याणला मिळतं तेही याच खाडीचं, असं मी तिला शंभरदा सांगितलंय, पण ती ऐकायची नाही.

ठाणं सुटलं की खाडी लागते, आणि मग डोंगराच्या कडेकडेने गाडी जाते तेव्हा डावीकडचं पाणी सोडून दुसरीकडे बघवत नाही. बोगद्यात तोंड मिटून घ्यावं, नाहीतर कोळसा खावा लागतो. डोंबिवलीच्या शिवारात कापलेल्या गवताचे भारे दिसायला लागले, की मला अक्काच्या अंगणात पोचल्यासारखं वाटतं.

अक्का दारातच होती. तिने आधी मिठाची पुरचुंडी घेतली, मग मला. जेवताना भावोजींनी सांगितलं, की विलायतेहून दाबयंत्राचा नवा सिलिंडर मागवण्याची मालकाची तयारी नाही. जुना पास झाला तर ठीक, नाहीतर इथला कारखाना मोडून मिस्त्रीला खानदेशात कापसाच्या गिरणीवर पाठवणार. सांगून झाल्यावर ते माझ्याकडे न बघता ताक प्यायले. अक्का वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळीच परीक्षेला लागलो. दाबयंत्राचा बिडाचा सिलिंडर खड्ड्यात उभा असतो. त्यातली हवा काढून पाणी भरायचं, बाहेरून चुन्याचा पातळ हात द्यायचा, आणि रोजच्या कामाच्या दीडपट दाब चढवून घड्याळ बघत बसायचं. कुठे चीर असेल तर चुन्यावर ओल उमटते. तबकडीचा काटा चढला, थांबला, आणि मग केसभर उतरला.

"चामड्याची वादी पाणी पितेय. नवी आहे," भावोजी म्हणाले.

तसं होतं कधीकधी; दट्ट्याभोवतीची पाणी अडवणारी वादी कोरी असली की थोडं पाणी शोषते. मला ते खरं मानायचं होतं. पण माझी नजर सिलिंडरच्या पोटावरच्या शेंदराकडे गेली. दरसाल खंडेनवमीला यंत्राची पूजा होते, तेल-शेंदराचा हात बसतो, आणि वर्षानुवर्षांचा तो थर बोटभर जाड झाला होता. मी दरवेळी तेवढी जागा सोडून चुना लावत आलो होतो. देवाच्या अंगाला कोण खरवडणार? हा माझाच गाढवपणा, दुसऱ्या कुणाचा नाही.

दाब उतरवला आणि पत्रा घेऊन शेंदूर खरवडायला बसलो. कामकरी बाजूला सरकले, एकाने कानाला हात लावला. थोड्या वेळाने भावोजीही खाली उतरले आणि माझ्या शेजारी खरवडायला लागले. उघड्या बिडाला चुना दिला, वाळू दिला, पुन्हा दाब चढवला. काटा पुरता वर जायच्या आधीच पांढऱ्या चुन्यावर वीतभर काळसर रेघ उमटली. मी पंपाच्या दांड्यावरचा हात काढला. भावोजींनी त्या रेघेवरून बोट फिरवून ते धोतराला पुसलं. रोज वादी बघायला ते त्याच खड्ड्यात उतरायचे.

संध्याकाळी अक्काने पाट मांडला. मी अजून परीक्षेच्या कागदावर काहीच लिहिलं नव्हतं. ओवाळून झालं आणि तबकात लुगडं ठेवलं, तेव्हा तिने तबक खाली ठेवून विचारलं, "चीर फाटायची कधी?"

"उद्या फाटेल, नाहीतर दहा वर्षांनी. सांगता येत नाही, अक्का."

"मग लिहून टाक. अरे, ह्यांचं डोकं असतं त्या खड्ड्यात."

"तू लांब जाशील."

"जाईन की. तू लिही आधी."

तिच्यासमोरच लिहिलं. शाईवर तिने चिमूटभर रांगोळी टाकली, डाग पडू नये म्हणून. नंतर मला तीन वेळा भात वाढला, आणि मी तो संपवला.

गिरगावात परत आलो त्याला वर्ष होत आलं. कारखाना मोडला, सिलिंडर भंगारात गेला. अक्का खानदेशात गेली ती गाडी कधी सुटली, हेसुद्धा मला नंतर कळलं. ती परीक्षा चुकली असं मला कधी वाटत नाही. पण ती खिडकी, ते घावन, दारातली अक्का, सगळ्यांची फार आठवण येते. यंदा दुसऱ्या कामासाठी ठाण्याला उतरलो आणि सवयीने मीठ घेऊन बसलो. घरी आलो तर भावोजींच्या अक्षरातलं कार्ड आलेलं. सगळे खुशाल आहेत, त्यांचं काम बरं चाललंय. खाली एक ओळ अक्काने सांगून लिहवून घेतलेली दिसते: इथल्या मिठाला चव नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणी येत्या महिन्यात खानदेशाकडे जाणार असेल, तर मला जरूर कळवावं. पुरचुंडी बांधून तयार आहे, ओझं फार नाही.