नळावरची लाइन

आम्ही लाइनीत राहायचो. जबलपुरात कामगारांसाठी बांधलेल्या एकसारख्या खोल्यांना सगळे लाइनच म्हणत. मागून रेल्वेची लाइन जायची. वादळ सुटलं की विजेची लाइन जायची, मग अंधार. काकाला कुणी काम विचारलं तर तो सांगायचा, "आपली लाइन वेल्डिंगची." आणि बाबांच्या पत्रकांत असायची युनियनची लाइन. ती एकदा ठरली की ठरली. मोडणारा तो गद्दार. मी वाचायला शिकलो ते या पत्रकांवर, त्यामुळे माझ्या लेखी हाच अर्थ सगळ्यांच्या वर होता.

संप झाला तेव्हा मी नववीत होतो. शेजारच्या खोलीतला, पनागर गावचा फिटर संप मोडून कामावर गेला. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि क्वार्टर जाईल या भीतीनं तो खचला होता. संध्याकाळच्या बैठकीत ठरलं, त्या घराशी कुणी बोलायचं नाही. मागून एक जण ओरडला, "और पानी भी नहीं!" बाबांनी मान डोलावली. मलाही ते रास्तच वाटलं.

नळ सगळ्यांत मिळून एकच. पहाटे बाया आपापली बाल्टी रांगेत ठेवून घरी जात. बाल्टी उभी म्हणजे बाई उभी. बाळंतिणीची बाल्टी मात्र सर्वांत पुढे, आणि ती शेजारणीनं भरून तिच्या दारात पोचवायची, असा बायांचा नियम होता. बैठकीला एकही बाई नव्हती.

सकाळी फिटरनं बाल्टी आणून सगळ्यांच्या शेवटी ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला. युनियनच्या दोन पोरांनी ती उचलून नालीपाशी टाकली. तेवढ्यात आई आली.

"ही बाल्टी कोनं काढली?"

"काकी, मीटिंगमध्ये ठरलं ना. उसने लाइन तोड़ी है."

"अच्छा? मग जा ना गेटवर, तिथं अडवा त्याले. बायांच्या नळावर काहून उभे राहून राहिले?"

बाया हसल्या. पोरं चिडली. मागे उभे असलेले बाबा पुढे झाले. "चाल घरात. हा आपल्या घरचा प्रश्न नाही."

"घरचाच आहे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "आपल्या आज्याले जातीपायी पाणवठ्यावरून हाकललं, हे तुमच्याच पत्रकात वाचलं मी. आता हाकलणारे आपण?"

आईनं बाल्टी विसळली, सगळ्यांच्या पुढे नेली आणि नळाखाली लावली. ती भरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग ती घेऊन आई शेजारच्या दाराशी गेली. "बहू, दरवाज़ा खोल. मैं हूँ."

आज मीही पत्रकं लिहितो. संप मोडणं ही गद्दारी आहे, असंच अजूनही मानतो आणि तसंच छापतो. पण कुणाचं पाणी बंद करा, असं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही, आणि दुसऱ्यानं लिहिलेलं मी वाटणार नाही.

त्या दुपारी बाबा जेवून उठले. हात धुतल्यावर पाठमोरेच त्यांनी विचारलं, "पोरगा झाला का पोरगी?"

"पोरगी," आई म्हणाली. "अशक्त आहे. संध्याकाळची बाल्टी तुम्हीच नेऊन द्या."

बाबांनी नेली.