टिकलीसाहेब पास्त्याचं पुस्तक घेतात

कपबश्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक गृहस्थ बसतात, त्यांना सगळे टिकलीसाहेब म्हणतात. तोंडावर नुसतं साहेब, पाठीमागे पूर्ण. काम एवढंच: पट्ट्यावरून कप आला की उचलायचा, पेन्सिलीने टण् करून वाजवायचा, कान तिरका करायचा आणि आवाजात खोट असली की त्यावर लाल टिकली चिकटवायची. टिकली लागलेला कप भंगारात. चांगल्या कपाला काहीच लागत नाही, तो मुकाट्याने खोक्यात जातो. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते साहेबांचं झालं होतं. जगात त्यांना फक्त तडे दिसायचे.

बरं, दिसले तर गप्प बसावं. तेही नाही. आधी मान डोलवायची, ओठांचा चंबू करायचा आणि म्हणायचं, "तसं चांगलंय हो... पण." हा 'पण' त्यांच्या तोंडातून गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तसा यायचा, सावकाश, कठड्याला धरून. शेजाऱ्याने नवा सोफा घेतला, "तसा चांगलाय हो... पण बसलं की उठवत नाही." डॉक्टरने दाढ काढली, तर कापसाचा बोळा तोंडात असताना, "तशी चांगली काढलीत हो... पन." आणि समोरच्याचं तोंड पडलं की लगेच दोन्ही हात वर. "मी आपलं बोललो. बोलू नये का माणसाने?"

बोलू नये, हे त्यांना स्पष्ट सांगितलं ते एकाच बाईने. त्यांच्या थोरल्या बहिणीने.

साहेब एकटे राहायचे. का, ते वेगळं सांगायला नको. आठवडाभर पाव आणि उकडलेली अंडी, आणि रविवारी दुपारी ताईकडे जेवण. तेवढाच काय तो गरम घास, आणि तेवढीच काय ती बोलायला माणसं. नोकरी सोडल्यापासून ताईला पास्त्याचा नाद लागला होता. पीठ मळायचं, हाताने फिरवायच्या यंत्रातून लाटून काढायचं आणि लांबलचक पट्ट्या खुर्च्यांच्या पाठींवर सुकत टाकायच्या. एका रविवारी चार पाहुण्यांदेखत साहेबांनी पहिला घास घेतला, मान डोलवली, चंबू केला. "तसं चांगलंय गं ताई... पण असं वाटतं, कुणीतरी आधी चावून ठेवलंय."

ताईने त्यांच्यापुढची ताटली उचलली. "पुढच्या रविवारपासून येऊ नकोस."

"मी आपलं..."

"बोललास. ऐकलं. ऊठ."

झालं. अख्खा हिवाळा साहेबांनी अंड्यांवर काढला. रविवारी दुपारी ते खिडकीत बसून अंडं सोलायचे आणि अंड्याला नावं ठेवायचे. अंडं काही उलट बोलत नाही, पण त्यात मजाही नाही.

शेवटी भावोजींना दया आली. फोनवर ते म्हणाले, "हे बघा साहेब, तिचा वाढदिवस आलाय. पास्त्याचं एक चांगलं पुस्तक घ्या. ते तिच्या हातात द्या आणि रविवार परत मिळवा. फक्त एक करा, तोंड घरी ठेवून या."

"भावोजी, मला काय पुस्तक निवडता येत नाही? माझं कामच ते आहे."

"त्याचंच तर भ्या वाटतं," भावोजी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुस्तकांच्या दुकानात गल्ल्यावर एक बाई बसल्या होत्या, अंबाड्यात पेन्सिल खोचून. त्यांनी चार पुस्तकं समोर मांडली. साहेबांनी पहिलं उचललं, खिशातली पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्यावर टक् टक् करून कान लावला. बाईंनी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे नुसतं पाहिलं.

पहिल्या पुस्तकावर पांढराशुभ्र सदरा घातलेला एक देखणा पुरुष टोमॅटोकडे बघून हसत होता. "टोमॅटो काय विनोद सांगतोय का याला? आणि सदऱ्यावर एक डाग नाही. म्हणजे स्वयंपाक दुसऱ्याने केलाय," साहेब म्हणाले. दुसऱ्या पुस्तकात लेखिकेची आजी. पाणी उकळायला ठेवायचं म्हटलं तरी आधी दोन पानं आजी, आजीची खिडकी, आजीचे हात. "या आजी जेवायला कधी वाढणार? रात्री?" तिसऱ्याच्या नावातच पंधरा मिनिटं होती. साहेबांनी साहित्याची यादी वाचली: बारीक चिरलेला कांदा, सोललेला लसूण, उकडून कुस्करलेला भोपळा. "हे चिरणं, सोलणं, उकडणं कोण करणार? शेजारी? बाई, हे पुस्तक खोटारडं आहे."

तिन्ही वेळा साहेबांचं बरोबर होतं, हीच त्यांच्याबद्दलची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

"कुणासाठी हवंय?" बाईंनी विचारलं.

"बहिणीसाठी. घरी मळून करते. तसं चांगलं करते हो... पण."

"पण काय?"

साहेबांनी ओठ घट्ट मिटले. "पण काही नाही."

"मग चौथं न्या. यात फोटो कमी आहेत. पण पीठ फाटलं तर काय, चिकटलं तर काय, अंडी लहान निघाली तर काय, सगळं नीट लिहिलंय. हाताने करणाऱ्याला हेच कामाचं. बाकीची दिवाणखान्यात मांडून ठेवायची."

साहेबांनी चौथं पुस्तक वाजवलं. चाळलं. उलटं धरून हलवलं, पानं सुटतात का पाहिलं. खोट सापडेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. कुरकुरत त्यांनी ते घेतलं.

इथेच थांबले असते तर. पण घरी गेल्यावर हाताला चैन पडेना. नुसतं पुस्तक काय, कुणीही देईल. आपलं असं त्यात काय? मग साहेबांना सुचलं, आणि सुचलं म्हणून ते स्वतःवर खूश झाले. त्यांनी कारखान्यातल्या टिकल्यांची पट्टी काढली आणि पुस्तक पहिल्यापासून वाचत जिथे जिथे ताई चुकते तिथे तिथे एक लाल टिकली लावली. मीठ कधी घालायचं, तिथे टिकली. पीठ किती वेळ झाकून ठेवायचं, टिकली. पास्ता केव्हा काढायचा, तिथे दोन. तिला शोधायला नको, सगळं आयतं. इतकं प्रेम त्यांनी आजवर कुणावर केलं नव्हतं.

वाढदिवसाला ताईने कागद सोडला. नाव वाचलं, मागचं पान वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "अरे, हेच मला हवं होतं. तू निवडलंस?" साहेबांची छाती फुगली. भावोजींनी सुटकेचा श्वास टाकला. मग ताईने पुस्तक उघडलं.

"हे लाल काय?"

"तुझं चुकतं ना, त्या जागा. सोय म्हणून."

भावोजींनी चष्मा काढून डोळ्यांवर हात ठेवला. ताई एकेक पान उलटत राहिली. शेवटपर्यंत. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं.

"म्हणजे तुला सगळं येतं."

"तसं येतं गं..." साहेबांनी यावेळी जिना अर्ध्यावरच थांबवला.

"मग रविवारी ये. जेवायच्या वेळेला नाही, सकाळी. पीठ तू मळायचंस, लाटायचंस, उकळायचंस. आम्ही खाऊ."

यातलं साहेबांना फक्त "रविवारी ये" एवढंच ऐकू आलं.

रविवारी ते एप्रन बांधून उभे राहिले. पुस्तक समोर उघडं होतं, पण तपासनीसाने वाचून काम करायचं म्हणजे कमीपणाच. पीठ फाटलं, साहेबांनी ते थोपटून गप्प केलं. यंत्रात अडकलं, त्यांनी यंत्राला दोष दिला. पाण्यातून जे बाहेर आलं त्याच्या पट्ट्या नव्हत्या, गोळे होते. ताईने ते तिघांच्या ताटल्यांत वाढलं, वर रस्सा ओतला आणि काटा हातात घेऊन भावाकडे पाहत बसली.

साहेबांनी घास तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मान डोलवली. चंबू केला नाही.

"ताई," ते म्हणाले, "हे जमलंय."

"जमलंय?"

"असं मी बाहेर कुठे खाल्लेलं नाही. भावोजी, बघा की, दाताला कसं लागतंय."

भावोजींच्या दाताला ते खरोखरच लागलं होतं, आणि निघत नव्हतं. ताईने काटा खाली ठेवला आणि पाव कापायला उठली. स्वयंपाकघरातून तिने हाक मारली, "पुढच्या रविवारीही ये रे. मळायला."

"येणारच. माझ्याशिवाय होतंय का तुमचं?"

भावोजींनी आपली भरलेली ताटली हळूच त्यांच्याकडे सरकवली. "घ्या साहेब, माझंही घ्या." साहेबांनी तेही संपवलं.