चार्ज देऊन चालायला

गुजरात राज्य झालं त्या वर्षी कमलाताई फणसे बडोद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. चौतीस वर्षं त्यांनी ट्रंक कॉल जोडले. तिथला एक नियम त्यांच्या अंगात भिनला होता. बोर्ड रिकामा सोडायचा नाही. पाणी प्यायला उठायचं तरी खुर्चीवर आधी दुसरी बसली पाहिजे. आणि ती बसली, की उठणारीने मागे वळून बघायचं नाही.

निवृत्तीनंतर त्या बडोद्यातच, हरणीला एका सोसायटीत राहायला आल्या. शेजारच्या निरुपमाची साखर तीनशेवर गेली होती. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. नवरा माधव कोयलीच्या रिफायनरीत सकाळपाळीला; पाचलाच घर सोडायचा. सासऱ्यांना, बळवंतरावांना, सहाला चहा लागायचा.

"चालायला जाऊ कधी, कमलाताई? घर कोणावर टाकू?"

"माझ्यावर टाक."

त्यांनी समोरच्या मृदुला आणि नीरालाही गाठलं. दोघींचं रडगाणं तेच. मग कमलाताईंनी पाळ्या लावल्या. रोज एकीने मागे राहायचं. चारही घरचं दूध घ्यायचं, मुलं उठवायची, चहा करायचा. बाकी तिघींनी सहा ते सात चालायचं. ना मंडळ, ना भाषण. भिंतीवर एक यादी, बस्स.

"आणि मध्येच घरात डोकावायचं नाही," त्यांनी बजावलं. "डोकावलीस, की तो दिवस बाद."

पहिल्या दिवशी त्या स्वतः मागे राहिल्या. बळवंतराव जुन्या संस्थानच्या कचेरीत नोकरी केलेले. शहात्तराव्या वर्षीही सदऱ्याची इस्त्री मोडलेली नसायची. कप पुढे आला तशी त्यांनी मान वर केली.

"सूनबाई कुठे?"

"चालायला गेली, काका."

"कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. नुसतीच चालायला."

"आमच्या घरच्या बायका विनाकारण रस्त्यावर हिंडत नाहीत."

कप तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मृदुलाच्या हातचा, तिसऱ्या दिवशी नीराच्या हातचाही. संध्याकाळी निरुपमा डोळे पुसत आली.

"पुरे झालं, ताई. म्हातारा माणूस चहावाचून बसतो. माझा पाय घराबाहेर पडत नाही."

कमलाताई उठल्या आणि तडक बळवंतरावांसमोर जाऊन बसल्या.

"काका, कचेरीत रजा घ्यायचात?"

"घ्यायचो की. हक्काची होती."

"मग काम?"

"चार्ज देऊन जायचो. लेखी!" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "चार्ज न देता उठलो, असं एकदाही झालं नाही."

"निरुपमाला या घरात एकोणीस वर्षं झाली. एक रजा नाही. साखर तीनशे बारा आहे तिची. ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं. घरात कोणी सांगितलंच नव्हतं.

चौथा दिवस निरुपमाच्याच पाळीचा होता. पाचव्या दिवशी कमलाताईंनी कपाबरोबर एक कागद ठेवला. निरुपमाच्या अक्षरात: गोळी आधी, मग चहा, साखर एक चमचा, पेपर दारात. खाली 'चार्ज दिला', 'चार्ज घेतला', आणि दोघींच्या सह्या.

बळवंतरावांनी कागद वाचला. उलटून पाहिला.

"तारीख नाही."

कमलाताईंनी तारीख घातली.

"वेळ?"

वेळही घातली. तोवर चहा निवला होता. पण ते प्यायले.

सुरुवातीला निरुपमा कोपऱ्यावरच धापा टाकायची. कठड्यावर बसायची. "बसा राणीसरकार, आम्ही उभ्या आहोत," म्हणत मृदुला आणि नीरा थांबायच्या. तिला सोडून एकही पुढे गेली नाही. दिवाळीपर्यंत ती विमानतळाच्या रस्त्याला लागली.

एका सकाळी शेजारचे सुभानराव फाटकाशी थबकले.

"काय बळवंतराव, सूनबाई दिसत नाहीत?"

"चालायला गेलीय. जाऊन येऊन पाच किलोमीटर. मध्ये कुठे बसत नाही." बळवंतरावांनी पेपरची घडी घातली. "तुमच्याकडचं कोणी जात नाही?"

"आमच्याकडे घर कोण बघणार?"

"का? आम्ही आहोत ना!"

त्या दिवशी पाळी कमलाताईंची होती; आत ओट्याशी उभ्या राहून त्यांनी ते ऐकलं. पदराला हात पुसले, घरी जाऊन भिंतीवरच्या यादीत सुभानरावांच्या घराची ओळ आखली. कोणाला न विचारता.