दाराच्या आतली बहीण

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. सत्तावीस वर्षं ती जिन्याखालच्या खोलीत बसून प्रुफं तपासत आली होती. खोलीला खिडकी होती, पण ती यंत्रांच्या बाजूला उघडायची, त्यामुळे उजेडाऐवजी शाईचा वास आणि खडखडाट आत यायचा. लेखक कितीही मोठा असो, ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं तिच्या नजरेतून सुटत नसे. मालक म्हणायचे, "बाईंच्या टेबलावरून गेलेला कागद खुद्द देवाने वाचला तरी चूक सापडायची नाही."

लग्न राहूनच गेलं होतं. आई लवकर गेली. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि भाऊ नऊ वर्षांचा. त्याला वाढवता वाढवता तिची तिशी कधी उलटली ते कळलं नाही. भाऊ मात्र शिकला, कॉलेजात प्राध्यापक झाला, लिहू लागला. चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस तो स्वतःच जाडजूड बाड घेऊन तिच्या खोलीत आला.

"ताई, माझं पुस्तक. आपल्या लहानपणाचं आहे. मालकांशी बोललोय, इथेच छापायचं. तुझ्या डोळ्यांखालून गेलं की मी निर्धास्त."

तिला भरून आलं. त्या आनंदात तिने मालकांकडे चहा मागितला, जो ती एरवी कधी मागत नसे.

आठ-दहा दिवसांनी प्रुफं टेबलावर आली आणि ती वाचायला बसली. गोष्ट एक मुलगा सांगत होता, 'मी' म्हणून. त्याचे वडील विजेच्या खांबांवर चढून तारा ओढणारे. ते आजारी पडतात, मागच्या खोलीत निजतात, आणि मोठी बहीण खोलीचं दार लावून घेते. दोन महिने मुलगा दाराबाहेर बसून असतो. दाराखालच्या फटीतून चिठ्ठ्या आत सरकवतो. उत्तर येत नाही. वडील गेल्यावर परसात बहीण अंथरुणासकट सगळं पेटवून देते आणि त्या जाळात मुलाला आपलं अक्षर दिसतं.

बाई दोनशे बारा पानं वाचत गेली. पेन्सिल हातात होती, पण खोडायला काही सापडेना. दार तिनेच लावलं होतं. चिठ्ठ्या तिनेच जाळल्या होत्या. काना-मात्रेचाही फरक नव्हता.

फरक एवढाच, की ती दाराच्या आत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीचा रोग आहे, पोराला लांब ठेवा. पण तेवढ्याने तिने कडी लावली नसती. वडिलांनी सांगितलं होतं. हात काटकीसारखे झाले होते, उठून बसता येत नव्हतं. ते म्हणाले होते, "त्याने मला खांबावर पाहिलंय. त्याच्या डोळ्यांत मला तिथेच राहू दे. आणि मी सांगितलं असं त्याला बोलू नकोस. बापाने दार लावलं म्हणून आयुष्यभर मनाला लावून घेईल. तुझ्यावर रुसला तर चार दिवसांत विसरेल." एकूण एक चिठ्ठी त्यांनी उशीखाली ठेवली होती. अंथरूण जाळायचं म्हटल्यावर त्या कशा वाचणार.

सबंध पुस्तकात तिची पेन्सिल एकाच वाक्यावर अडली. 'कडी सरकवतानाचा तो आवाज ताईला आवडत असे.' तिने समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'शंका : हे बाहेरच्या मुलाला कसे कळले?'

प्रूफ परत आलं तेव्हा शंकेवर भावाच्या हिरव्या शाईने लिहिलेलं होतं, 'राहू द्यावे.'

त्या रविवारी ती भावाकडे गेली. वहिनी बाहेर गेली होती. तीस वर्षं गिळलेलं तिने त्याच्यासमोर एका दमात सांगून टाकलं. भाऊ ऐकत राहिला. मग उठून त्याने पंखा उगाचच कमी केला, पुन्हा वाढवला.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"बाबांनी बोलू नको म्हटलं होतं."

"मग आज का सांगतेयस?"

"आज तू छापतोयस म्हणून."

 त्याचे डोळे भरून आले होते, ते तिने पाहिलं. "ताई, बाहेर बसलेल्या पोराला हे ठाऊक नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "गोष्ट तो सांगतोय. त्याच्या तोंडी हे घातलं तर पुस्तकच कोसळेल. आणि पुस्तकातली बहीण म्हणजे तू थोडीच आहेस?"

"मग तिच्या हनुवटीवर माझा तीळ कशाला ठेवलास?"

 तीळ तसाच छापला गेला.

पुस्तक गाजलं. कडीच्या आवाजाचं ते वाक्य तर लोकांच्या तोंडी बसलं, मलपृष्ठावरही छापून आलं. कुणी तिला काही म्हणालं नाही, पण बोलता बोलता लोकांची नजर तिच्या हनुवटीवर जाऊन परत यायची. मशीनवरचा जुना माणूस तेवढा एकदा म्हणाला, "बाई, तेव्हा तुम्हीसुद्धा पोरच होता की." त्याने पुस्तक वाचलं नव्हतं, नुसतं छापलं होतं.

हे सगळं तिने पचवलं असतं. पण भावाची मुलगी दर रविवारी तिच्याकडे यायची, पायांवर एकच पांघरूण ओढून दोघी दुपारभर कोडी सोडवायच्या. पंधराव्या वर्षी तिने पुस्तक वाचलं. पुढच्या रविवारी आली ती दारातच उभी राहिली.

"आत्या, तू खरंच दार लावलं होतंस?"

"लावलं होतं." मग तिने मुलीला सगळं सांगितलं, भावाला सांगितलं होतं तसंच, कमी नाही की जास्त नाही.

मुलीने ऐकून घेतलं. "पण पुस्तकात तसं नाहीये," ती म्हणाली. त्यानंतरच्या रविवारी परीक्षा होती, मग शिकवणी, मग नुसतीच ती आली नाही.

तीन वर्षांनी गावच्या सभागृहात भावाचं व्याख्यान झालं. विषय होता, गोष्ट कोण सांगतो. बाई तिसऱ्या रांगेत बसली होती. भाऊ छान बोलत होता. मध्येच थांबून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "पुस्तक छापायला गेल्यावर बहिणीने मला सांगितलं, दार वडिलांनीच लावायला सांगितलं होतं. ते मी पुस्तकात घेतलं नाही. मुद्दाम घेतलं नाही. दाराच्या आत बसून लिहिलं असतं तर बहिणीच्या त्यागाची एक साधी कहाणी झाली असती. दुःख बाहेर होतं." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनेही वाजवल्या. वाजवल्या नसत्या तर शेजारच्या बायकांनी वळून पाहिलं असतं.

'साधी कहाणी' हे शब्द घेऊन ती जिना उतरत होती, तोच मागून भाची धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. रडत होती. "आत्या, आज कळलं गं मला. बाबांनी सांगितलं तेव्हा."

"मी तुला हेच सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी."

"हो, पण तेव्हा तू सांगत होतीस."

बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार? पोरीच्या बोलण्यात खोट नव्हती.

रविवार पुन्हा सुरू झाले. मुलगी आता कॉलेजात होती, येताना वही घेऊन यायची. तिला आजोबांवर काहीतरी लिहायचं होतं. कोडी मागे पडली. "आत्या, त्या खोलीतलं अजून सांग ना," ती म्हणायची.

"तुझ्या बाबांना विचार," बाई म्हणायची. "त्यांना चांगलं सांगता येतं."

मुलगी थोडा विचार करायची. "हो, तेही खरंच आहे," म्हणायची, आणि वही मिटून बॅगेत ठेवायची.