कमानीपलीकडचं ऊन

लंडनला लेकीकडे गेलो, तेव्हा थोरल्या बहिणीलाही बरोबर नेलं. ताईनं आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. पण हात थरथरायला लागला आणि तिनं ब्रश बाजूला ठेवला तो ठेवलाच. चित्रांचा विषय निघाला, की ती उठून जायची.

तरी लेक आम्हाला हट्टानं एका संग्रहालयात घेऊन गेली. तिथे एका लहानशा जलरंगातल्या चित्रापुढे ताई थबकली. अठराव्या शतकातल्या कुणा इंग्रज चित्रकारानं इटलीत जाऊन पडक्या रोमन कमानी रंगवल्या होत्या. कमानीपलीकडे तळं होतं आणि त्यावरचं ऊन असं लखलखत होतं, की मी नकळत डोळे बारीक केले.

"एवढा पांढरा रंग कुठून आणला असेल गं यानं?" मी विचारलं.

"रंग नाहीच तिथे," ताई हळूच म्हणाली. "कागद कोरा सोडलाय."

मी वाकून पाहिलं. खरंच की! कमानीची वीट न् वीट रंगवणाऱ्या त्या हातानं तळ्यापाशी येऊन काहीच केलं नव्हतं, आणि सगळा उजेड तिथूनच येत होता. कमानी ढासळल्या, रंगवणारा गेला, ऊन मात्र आत्ताच पडल्यासारखं ताजं.

ताईनं एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या लेकीला म्हणाली, "इथे जवळपास जलरंगाचा जाड कागद मिळेल का गं?"