अर्ध्या धवल्याचे फादर

नवी मुंबईत सर्वांत जास्त हळदींना बिनबोलावता जाऊन पोटभर जेवलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या फादरांकडे बोट दाखवीन. आम्हा आगऱ्यांमध्ये लग्नापेक्षा हळद मोठी. गल्ली अडवून घातलेला मांडव, मटणाची पातेली आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरवणारा डीजे. त्या डीजेच्या पेट्यांना खेटून, एका हाताने आपला कान झाकून आणि दुसऱ्या हाताने मोबाइल एखाद्या म्हातारीच्या तोंडाशी धरून उभा असलेला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला साठीचा गृहस्थ दिसला की समजायचं, फादर आले. म्हातारीच्या तोंडून एखादं जुनं लग्नगाणं निघेल ही त्यांची आशा. निघायचं काय, तर "बाबा, आधी जेवून घे." एकदा त्यांनी मला असलं एक रेकॉर्डिंग मोठ्या कौतुकाने ऐकवलं. "बाई, नीट ऐका, मागे ती गातेय." मला नुसतं धडामधुडुम ऐकू आलं. मी म्हटलं, "गात नसेल हो, बाजूला सरका म्हणत असेल." तर हे गृहस्थ पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसले!

'बाई' म्हणजे मी. गावच्या शाळेत जन्मभर पोरं शिकवली म्हणून अख्ख्या गावाची बाई. आमचं गाव खाडीकाठचं. शेती गेली, मिठागरं गेली, चारी बाजूंनी सेक्टर उभे राहिले आणि मधोमध आम्ही तसेच राहिलो. फादरांचं चर्च पलीकडच्या सेक्टरात. तिथे येणारी माणसं बहुतेक केरळची, मंगळूरची, महापे-तळोज्याला नोकरी करणारी. फादर मात्र उत्तनकडचे, पिढ्यानपिढ्या मराठी बोलणाऱ्या समुद्रकाठच्या ख्रिस्ती घरातले. धर्मगुरू होता होता ते मानववंशशास्त्रही शिकले होते. कोण कुणाशी लग्न करतो, कोण कुणाच्या पाया पडतो, मेल्यावर डोकं कोण भादरतो, हे खोदून खोदून विचारायचं शास्त्र. आमच्याकडे याला नसत्या चौकशा म्हणतात आणि त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. "अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि मला माझ्या मामाचं गाव विचारलं.

ही मामाची खोड फार वाईट. फादर बाजारात मासळी घ्यायला गेले की आधी कोळणीचा मामा कुठला, मावशी कुठे दिली, नवऱ्याची आत्या कुणाच्या घरात पडली, आणि मग बोंबील कसे दिले. तोवर बोंबलांनी मान टाकलेली. ऐकता ऐकता हातात सापडेल त्या कागदावर ते त्या घराचं झाड काढायचे. पुरुष म्हणजे त्रिकोण आणि बाई म्हणजे गोल, ही त्यांच्या शास्त्राची रीत. आमच्या सासूबाईंनी एकदा तो कागद ओढून घेतला आणि आपण त्यात कुठे आहोत ते विचारलं. फादरांनी भाबडेपणाने गोल दाखवला. सासूबाई कडाडल्या, "मी येवरी गोल हाय? आनि हा माजा नवरा मेला टोकदार?" त्यानंतर पुढचे कितीतरी दिवस फादर आमच्या घरी आले की सासूबाई पोट आत ओढून बसायच्या.

बरं, नुसत्या चौकशा करून थांबतील तर ते फादर कसले! जे पाहिलं ते चर्चमध्ये नेलंच पाहिजे. दाराला आंब्याच्या पानांचा टाळा आला, आरतीचं तबक आलं, वाजवायचं घुमट आलं. एका नाताळात तर त्यांनी बाळ येशूला गव्हाणीऐवजी सुपात निजवलं, आणि पाचव्या दिवशी आपल्याकडे बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते म्हणून सुपाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवलं. चर्चच्या कमिटीत खळबळ उडाली. खजिनदार तरातरा येऊन म्हणाले, "फादर, ह्या बाळाचं नशीब वरूनच लिहून आलंय! पेन उचला!" फादरांनी पेन उचललं, सूप मात्र राहू दिलं. नंतर माझ्या ओट्यावर चहा पिताना मी त्यांना झापलं, की बाबा, तुमच्या लोकांना नको, आमच्या लोकांना संशय, कशाला हे उपद्व्याप? त्यांनी बशी फिरवली. मग म्हणाले, "बाई, आमचे जुने मिशनरी देव घेऊन आले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा देव मला पुरतो. पण ते घरात आले ते बूट घालून आले हो. उंबऱ्यात काढायचे असतात, एवढं त्यांना कुणी सांगितलंच नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला काहीतरी बोचतंय. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या लहानपणी उत्तनच्या घरापुढे एक क्रूस होता आणि त्याचा चौथरा थेट आपल्या तुळशीवृंदावनासारखा. घरात लग्न निघालं की त्यांची आजी त्या चौथऱ्याशी बसून एक गाणं म्हणायची. 'पयला आवतन कोनाला गो, देऊ कोनाला,' अशी त्याची सुरुवात. पहिलं आमंत्रण कुणाला द्यायचं? एवढं म्हणून झालं की आजी तोंड मिटायची आणि पुढचं सगळं नुसतंच गुणगुणायची. चाल पुरी, शब्द नाहीत. पोराने विचारलं, तर म्हणायची, "हाय तसा हाय." आजी गेली. फादरांची पक्की समजूत, की तिचे शब्द जुन्या पाद्र्यांच्या धाकाने पुसले गेले, पण खाडीकाठच्या कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी म्हातारीपाशी ते असणारच. ते शास्त्र, त्या हळदी, ते बोंबील, सगळं त्या एका गाण्यासाठी. साठीचा माणूस आजीच्या गाण्याचा उरलेला तुकडा शोधत दारोदार फिरत होता. मला कसंसंच झालं, आणि तसं झालं की मी चिडते. "आधी नाही सांगायचं? माझी आत्या धवलारीण आहे!"

आमच्याकडे पूर्वी लग्न लावायची ती धवलारीण. धवला म्हणजे लग्नाचं गाणं. तो म्हणतच ती लग्न लावायची. माझी आत्या या कामात नावाजलेली. पण डीजे आला तसं तिला बोलावणं यायचं बंद झालं, आणि आता तिचा दमही टिकत नव्हता. फादरांना घेऊन गेले तर तिने आधी त्यांना वरून खाली न्याहाळलं. "मना बाटवाला आलास काय रं?"

"नाय गो आत्या. आमचाच बाटून झालाय, त्याला कैक पिढ्या झाल्या," फादर म्हणाले. "मी निस्ता गाना शोधतंय."

आत्या खूश झाली. पण गाणं? नाव नको. धवला लग्नातच म्हणायचा, असा तिचा नेम. "धवला बोलला का लगीन लागतं. आता कुनाचा लावू? तुजा?" फादर लाजून लाल झाले. चाल तरी ऐकवते का म्हणून विनवलं, तर तेही नाही. मग त्यांनी चर्चमधलंच एक लग्न ठरलेलं जोडपं पटवलं आणि आत्याला नऊवारी नेसवून खारघरच्या एका हॉलमध्ये नेलं. तिथे नवरानवरी धुरातून प्रकटणार होती आणि माइक निवेदकाच्या हातून सुटत नव्हता. एसीने आत्याला खोकला लागला. कुणीतरी तिच्या हातात काडीला टोचलेलं पनीर दिलं, ते तिने काडीसकट परत केलं. धवला न म्हणताच दोघं रिक्षाने परत आली. आत्या दाराशी म्हणाली, "माजा मान नाय झाला, चालंल. गान्याचा नाय झाला." 

दिवाळीच्या आधी त्यांच्या वरिष्ठांचा निरोप आला. बदली, थेट झारखंडला, तिथल्या आदिवासी गावांत. नाताळ इथे करायचा आणि निघायचं. ही बातमी त्यांनी मला हसत सांगितली, पण चहा तसाच ठेवला. आत्या आता दोन वाक्यं बोलली तरी धापायची. त्या अवधीत गावात तिला बोलावील असं एकही लग्न नव्हतं. मला राग आला. कुणावर ते माहीत नाही, म्हणून तो फादरांवर काढला. "एवढी शास्त्रं शिकलात, तुळशीचं लग्न हे लग्न नव्हे का?"

 फादरांनी खाडकन कपाळावर हात मारला. "बाई, मी ते सणांमध्ये टाकलं होतं! लग्नांच्या यादीत घेतलंच नाही!" असं हे शास्त्र. दर कार्तिकात घरोघर लागणारं लग्न यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या खणात जाऊन बसलं होतं.

आत्याला विचारलं. ती जराही न अडखळता म्हणाली, "लगीनच ता. मांडव घाला, मी येतंय."

आमच्या ओट्यावर उसाचा मांडव झाला, तुळशीत चिंचा-आवळे खोचले. अंतरपाटाचं एक टोक मी धरलं, दुसरं फादरांनी. वृंदावनाच्या कडेवरून ते हळूच हात फिरवत होते. आत्याने डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि कापऱ्या आवाजात उचललं, 'पयला आवतन कोनाला गो, देऊ कोनाला...' तीच ओळ, तीच चाल. फादरांनी वृंदावनावरचा हात उचलला आणि अंतरपाट दोन्ही हातांनी धरला. पुढे आत्या नावं घेत गेली. आधी गावदेवीचं, मग आमच्या माहेरच्या घरात होऊन गेलेल्यांची, माझ्या आजाची, पणजाची, त्याच्याही वरच्यांची, ज्यांची नावं मीसुद्धा तिच्याकडूनच ऐकलीत. आणि फादर, त्यांच्याही नकळत, आजीसारखं तोंड मिटून गुणगुणत होते.

आत्या थांबली. "गुनगुनतंस काय? हितं नावा घेवाची असतान."

"कुनाची?"

"तुज्या घरातल्यांची. गेलेल्यांना पयला आवतन. त्ये आल्याबिगर लगीन कसा लागल?"

म्हणजे पुढे शब्द नव्हतेच. तिथे नावांची जागा होती, ज्याच्या त्याच्या घरातल्या. कुठल्याही गावात, कुठल्याही म्हातारीपाशी ती मिळणार नव्हती. फादरांनी सांगायला सुरुवात केली. आजीचं नाव मोनिका. आजा पास्कू. त्याचा बाप इनास. त्याच्यावर बस्त्याव. मग ते अडले.

"त्याच्या वयर?" आत्याने विचारलं.

"ठाव नाय, आत्या. त्याच्या आधीची नावा बदलली. कोनी सांगितली नाय."

"बाय माजे," आत्या म्हणाली, "म्हंजे त्यानला येवऱ्या वर्सांत कोनी बोलावलाच नाय?"

 फादर रडत होते. मग म्हणाले, "बोलावला, आत्या. आजी बोलवायची. नावा ठाव नव्हती म्हनून तोंड मिटून बोलवायची. मना वाटायचा ती इसरली."

आत्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. "मंग तसाच बोलव. त्यानला कलंल." आणि दोघांनी मिळून, तोंड मिटून, ती चाल शेवटपर्यंत नेली. ज्या माणसाने अर्धं गाणं घेऊन अर्धी नवी मुंबई पालथी घातली, त्याच्यापाशी ते पोरवयापासून सबंध होतं. मग आम्ही अक्षता टाकल्या, तुळशीचं लग्न लागलं, आणि फादर आमच्याकडून पहिल्यांदाच न जेवता गेले.

नाताळ झाला आणि ते झारखंडला गेले. कधीतरी फोन येतो. तिथल्या लोकांच्या मामांविषयी इतकं सांगतात की मी शेवटी फोन बाजूला ठेवून भाजी निवडते. बोलणं संपलं की मात्र करमत नाही. मासळी बाजारात कुणी माझी वाट अडवत नाही, ओट्यावर कुणी नसते प्रश्न विचारत नाही, आणि मला कुणावर चिडायची सोय राहिलेली नाही. खरं सांगते, फार आठवण येते.

यंदा आत्याचा आवाज अगदीच गेला. ती खुर्चीत बसली आणि तुळशीच्या लग्नाला धवला मी म्हटला. आजाचं नाव घेतलं, पणजाचं घेतलं, गेल्या वर्षी गेलेल्या सासूबाईंचं घेतलं. आणि पुढे गाडी अडली.

"काय झाला?" आत्याने विचारलं.

"फादरांना बोलवावंसं वाटतंय."

"त्यो गेला काय?"

"नाही गं. धडधाकट आहे."

"मंग त्याचा नाव कसा घेशील?" आत्या म्हणाली. "हा गेलेल्यांचा आवतन. जित्या मानसाला बोलवाचा गाना नाय आपल्यात."

 पोरं अक्षता मुठीत धरून कंटाळली होती. शेवटी फादरांचं नाव मनातच ठेवून मी पदर सावरला आणि गेलेल्यांतलं पुढचं नाव घेतलं.