पाळीव तांबेरा

"भेसळ. दुसरं काही नाही," साहेब म्हणाले आणि गव्हाच्या काडीवरून बोट ओढून मला दाखवलं. बोट विटकरी झालं होतं. हा तांबेरा, गव्हावर पडणारी बुरशी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या शेतीखात्याच्या ऑफिसात, या साहेबांच्या हाताखाली, मी पिकांच्या रोगांचं काम बघायचो. शेत होतं पलटणीतून रिटायर झालेल्या एका सुभेदारांचं. आमच्या नव्या वाणाचा सीड प्लॉट, म्हणजे बियाण्यासाठी राखलेलं पीक, त्यांच्याकडे होता. या वाणावर तांबेरा येत नाही, असं आम्हीच गावोगाव सांगितलेलं. मग आला कसा? सुभेदारांनी घरचं बी मिसळलं, असं साहेबांनी ठरवूनच टाकलं.

"पलटणीत येक गोळी हिकडची तिकडं केली न्हाई," सुभेदार म्हणाले. "आन् आता बियात भेसळ करीन व्हय?"

आवाज चढला नव्हता. साहेबांनी वहीत लिहिलेला भेसळीचा शेरा कायम राहिला असता तर हा माणूस गावात मान वर करून फिरला नसता. मला ते पटेना.

"साहेब, महिनाभर द्या. बी तपासतो."

"आणि शुद्ध निघालं तर?"

"तर चूक आपली."

साहेबांना ते झोंबलं, पण महिना दिला.

सांगलीच्या गोडाऊनमधून त्याच वाणाची सीलबंद पिशवी मागवली. दोन कुंड्यांत ते बी लावलं, दोन कुंड्यांत साधा गावरान गहू. बुरशी जिवंत आहे की नाही, हे गावरान गव्हावर कळतं. रोपं आल्यावर एका जोडीवर, म्हणजे दोन्ही गव्हांच्या एकेका कुंडीवर, सुभेदारांच्या शेतातला तांबेरा टाकला. दुसऱ्या खोलीतल्या जोडीवर आमचा लॅबमधला. तो आम्ही वर्षानुवर्षं कुंडीतून कुंडीत पाळला होता, आणि प्रत्येक नव्या वाणाची परीक्षा त्याच्यापुढेच व्हायची.

रोज सकाळी कुलूप काढून पानं उलटसुलट बघायचो. शेवटी फोड दिसले. गावरान गहू दोन्ही खोल्यांत तांबडा. आमचा वाण लॅबच्या तांबेऱ्यापुढे हिरवागार आणि शेतातल्या तांबेऱ्यापुढे पार आडवा. सीलबंद बीसुद्धा आडवं झालं, म्हणजे भेसळीचा प्रश्नच नव्हता. बुरशीच वेगळ्या रेसची होती. रेस म्हणजे एकाच बुरशीतले भाऊबंद. तोंडावळा एक, खोड वेगळी.

साहेबांनी चारही कुंड्या बघितल्या. मग भेसळीचा शेरा त्यांनी स्वतःच खोडला.

सुभेदारांनी तांबडी कुंडी उचलली. "माजं नाव सुटलं, साहेब. पर ह्योच गहू औंदा समद्या तालुक्यात पेरलाय न्हवं?"



तेव्हापासून कुणी सांगितलं की अमक्या वाणावर तांबेरा येत नाही, तर मी एवढंच विचारतो: कुठला तांबेरा?